राजकन्येचा सोमवारचा पान्हा

१९३४ साली वेल्समधल्या आबर्वेनच्या किल्ल्यात राजकन्या दूध देऊ लागली आणि आमचं अख्खं गाव चरव्या घेऊन धावलं.

इंग्रज राजाने आमच्या पूर्वजांना धाकात ठेवायला बांधलेला तो किल्ला. आमच्या घरांची रांग त्याच्याच तटाला पाठ टेकून उभी होती. तटाच्या पायथ्याशी, आमच्या घरांपासून चार पायऱ्या खाली, एक दगडी तोंड होतं. तिथून दर सोमवारी कोमट, दुधाळ पाणी येई. गावात नवाच आलेला, काळ्या कोटातला प्रॉसर समोर पैशांचा डबा ठेवून सांगे, "वेढ्यात उपाशी मेलेली राजकन्या ही. रविवारी तुम्ही प्रार्थना करता, सोमवारी तिला पान्हा फुटतो."

माझ्या शेजारच्या कॅट्रिनच्या मुलाला, इडवालला, खुब्याच्या हाडाचा क्षय होता. त्याला ताबडतोब सॅनेटोरियममध्ये पाठव, असं डॉक्टर बजावत होते. ती त्याला राजकन्येचं दूध पाजून म्हणे, आणखी एक सोमवार बघते. असा हिवाळा गेला.

शाळेच्या बेवनबाईंनी एकदा त्याचा पेला हुंगला आणि आमच्या रांगेत येऊन म्हणाल्या, या आठवड्याचं धुणं मंगळवारी काढा. बायका हबकल्या. आमच्यात सुतक असलं तरी धुणं सोमवारीच. मंगळवारी दोरीवर कपडे दिसले, की ती बाई गबाळी.

कॅट्रिनच म्हणाली, "धुवा गं मंगळवारी. राजकन्या सोमवारी येईलच, मग बाईंचं तोंड तरी बंद होईल."

सोमवारी ते दगडी तोंड कोरडं. राजकन्या रुसली, असं प्रॉसरने जाहीर केलं. मंगळवारी दुपारी आम्ही टब मोरीत ओतले आणि खाली धावलो. पान्हा फुटला होता, फेसासकट, वर निळीची छटा.

बेवनबाई हळू आवाजात म्हणाल्या, "हा शिपायांच्या संडासाचा जुना नळ. आपल्या मोऱ्या पुढे कोणीतरी त्यालाच जोडल्या. हे साबणाचं पाणी आहे, कॅट्रिन."

"मी सगळ्यात आधी त्याच्या पुवाच्या पट्ट्या धुते," कॅट्रिन म्हणाली. "दर वेळी."

मग आम्ही सगळ्यांनी आपापल्या चरव्यांत पाहिलं. एकमेकींकडे बघायची हिंमत कुणाचीच झाली नाही.

प्रॉसर तोवर स्टेशनवर पोचला होता. पुढे तो दुसऱ्या गावात दुसरी राजकन्या विकत होता म्हणे. नळाचं तोंड गवंड्याने बुजवलं. बेवनबाई म्हाताऱ्या होईपर्यंत शिकवत राहिल्या. इडवाल त्याच आठवड्यात सॅनेटोरियममध्ये गेला आणि जगला, पण एक पाय आखूड राहिला. तो किल्ल्यावर तिकिटं फाडायला लागला. पाहुण्यांना आधी संडास दाखवायचा. कॅट्रिनने मरेपर्यंत सोमवारी धुणं काढलं नाही. लोक तिला गबाळी म्हणत, ती ऐकून घेई.

चमत्काराखाली भांडं धरण्याआधी चार पायऱ्या वर चढून बघा, मोरीत कोण काय ओततंय. आम्ही तर वरच राहत होतो.