डॅरेलच्या ट्रेलरची खिडकी

"खिडकी कुठंय?" लव्हॉननं विचारलं.

"पडेल की." हार्लन म्हणाला.

"डिसेंबरपासून पडतेय. उद्या निघायचंय, हार्लन. बिनखिडकीच्या पेटीत मी झोपायची नाही. एकाला पेटीत ठेवून आलोय तेवढं पुरे."

एवढं बोलून ती कपडे धुवायला घरात गेली. हार्लन ट्रेलरमध्ये उभाच राहिला.

ट्रेलर डॅरेलचा, त्यांच्या मुलाचा. बंदिस्त, पत्र्याचा, दार एकच, तेही मागं. डॅरेल त्यातून खांब आणि तारा न्यायचा, लोकांची कुंपणं उभी करायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी तो बर्फावरून गाडीसकट घसरला आणि गेला, त्या दिवशी ट्रेलर अंगणात होता. म्हणून ट्रेलर वाचला. गावानं दुःखात वाटा उचलला, म्हणजे चीज घातलेल्या बटाट्यांची इतकी भांडी आणून दिली, की हार्लन-लव्हॉनला रडायलासुद्धा टेबलावर जागा उरली नाही.

आता त्या ट्रेलरचं फिरतं घर होत होतं. उजव्या भिंतीत फोम ठोकून झाला होता, त्यावर प्लायवूड, त्याला टेकून फळ्या. चूल बसली, पलंग बसला. डावी भिंत तेवढी उघडी होती. तिच्यावर पेन्सिलीनं आखलेला चौकोन होता आणि त्याच्या बरोबर पलीकडे, बाहेरून, लाल रंगात डॅरेलचं नाव. आखलेला चौकोन हार्लननं इतक्यांदा मोजला होता, की पेन्सिल झिजली. करवत मात्र कोरी राहिली.

त्यानं गॅसची शेगडी लावली, तळाच्या फळ्या चिकटवायला जमिनीवर डिंक ओतला आणि रेडिओ मोठा केला. वायोमिंगचा वारा दार आपटत होता.

तेवढ्यात रस्त्यानं ड्वेन चालला होता. ड्वेन शेजारी आणि सज्जन. आमच्याकडं हे दोन्ही एकाच माणसात सापडणं धोक्याचं. गुरांच्या मुलखात उघडं दार बघून पुढं जाणं म्हणजे पाप, गुरं सुटतात. ड्वेननं गाडी थांबवली, वाऱ्यात रेडिओ त्याला ऐकू आला नाही, आत न डोकावताच दार लोटलं, लोखंडी दांडा खाली पाडला, वर खीळही घातली आणि पुण्य गाठीशी बांधून गुरांच्या बाजाराला गेला.

हार्लनला कळलं ते भरदिवसा आत अंधार झाल्यावर. त्यानं दार ढकललं. खांद्यानं धडक दिली. आतून कडी नव्हतीच; सामानाला बाहेर यायचं नसतं.

"लव्हॉन!"

वारा. फोन गाडीत. त्यानं शेगडी आणि रेडिओ बंद केला. डिंकाचा वास आता घशात उतरत होता आणि डबा बजावून सांगत होता, की दारं उघडी ठेवून वापरावे. डोकं हलकं व्हायला लागलं.

उजवीकडं फोम आणि फळ्या. डावीकडं नुसता पत्रा. चाचपडत त्यानं बॅटरीवर चालणारी करवत शोधली. तिच्यावर चार्जचा एकच दिवा उरला होता, तोही लाल.

"माफ कर, पोरा," तो म्हणाला आणि चौकोनाच्या कोपऱ्यात पातं घुसवून भोक पाडलं.

उजेडाची सुई आत आली. तिला तोंड लावून त्यानं श्वास घेतला. मग करवत चालली. किंचाळत, तिरकी.

लव्हॉन स्वयंपाकघराच्या खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती. डॅरेलच्या नावातून पातं बाहेर आलेलं तिला दिसलं. ती नुसत्या मोज्यांवर बर्फातून धावली, खीळ उपटली, दांडा उचलला, दार सताड उघडलं.

"ये बाहेर! मेला असतास, म्हाताऱ्या!"

हार्लन खोकला. डोळ्यांतून पाणी गळत होतं. पण जागचा हलला नाही.

"थांब जरा. एकच बाजू राहिलीय."

ती थांबली. दार धरून, वाऱ्यात.

संध्याकाळी ड्वेन पाय घेऊन आला, म्हणजे चेरी भरून भाजलेला, खायचा. "आपटत होतं बुवा," तो म्हणाला. "कुणीतरी लावायलाच पाहिजे होतं." लव्हॉननं तीन ताटल्या काढल्या.

कापलेला तुकडा हार्लननं टाकला नाही. वरच्या बाजूनं बिजागऱ्या लावून खिडकीला त्याचंच झाकण केलं. रात्री ते खाली घेतलं, की बाहेरून भिंतीवर डॅरेलचं नाव पुन्हा जुळायचं, जरा वाकडं. त्या फटीतून वारा यायचा. त्याबद्दल लव्हॉननं कधी तक्रार केली नाही.

पहिल्या मुक्कामी ती हार्लनच्या आधी उठली. झाकणावर तळवा ठेवून थोडी बसली. मग ते हळूच वर ढकललं.