दाद मागणारी कोण?

“पण बाई, तुम्ही या संस्थेच्या कोण?” न्यायमूर्तींनी फायलीवरून मान वर करून मराठीतच विचारलं.

गोंडपिपरीकडच्या जंगलातली रुखमाबाई कुळमेथे जन्मात पहिल्यांदा नागपूरला आली होती, तीही थेट सरकारच्या कायद्याशी भांडायला. नव्या कायद्याने विडीसाठी तेंदूपत्ता तोडणाऱ्यांच्या छोट्या संस्थांचं सरकारी ऑडिट बंद केलं होतं. आता संचालकांनीच आपला ऑडिटर नेमायचा. गावच्या संस्थेने अध्यक्षाचा साडभाऊ नेमला. त्याला हिशेबात एक चूक सापडली नाही, आणि बायांना तीन वर्षं बोनस दिसला नाही.

“मी पत्ता तोडतो, साहेब. चाळीस वर्स झाले. कार्ड आहे आमचं.”

संस्थेचा वकील उठला. आजवर मागूनही न मिळालेलं रजिस्टर त्याने आता उघडलं. सभासद होता वारलू कुळमेथे, रुखमाबाईचा नवरा. त्याचा अंगठा मागच्या हंगामापर्यंत होता.

“कुठे आहेत हे वारलू?”

“मेला जी. नऊ वर्स झाले.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

अंगठे तिचेच होते. गावात रीतच तशी. कार्ड घराचं, नाव पुरुषाचं. पुरुष गेला म्हणून नाव बदलायला तालुक्याला खेटे कोण घालणार? पत्ता मोजून घेणारा मुन्शी ‘वारलू’ म्हणून पुकारा करायचा, ती ‘हव’ म्हणून अंगठा टेकवायची. “सभासद तुम्हीच ना?” असं तिच्या वकील सरिताताईंनी विचारलं, तेव्हाही ती छातीठोकपणे ‘हव’ म्हणाली होती. त्यात काही खोटं आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

निकाल दहा मिनिटांत लागला. सभासद नाही, वारस म्हणून नोंद नाही, म्हणून दाद मागायचा हक्क नाही. कायदा बरा की वाईट, हे तपासायची वेळच आली नाही.

बाहेर व्हरांड्यात सरिताताई म्हणाल्या, “वारस म्हणून नाव लावून पुन्हा येता येईल. पण आधी वारलूभाऊंचा मृत्यू नोंदवावा लागेल. त्यांचं कार्ड लगेच बंद होईल. आणि ते नऊ वर्षांचे अंगठे तुमच्यावर शेकतील. फसवणुकीची केसही होऊ शकते.”

रुखमाबाईच्या डोळ्यांना धार लागली. वारलू गेला तेव्हा पोटाची घाई होती, रडायला फुरसत मिळाली नव्हती.

“मी खरा हिशेब मागून राह्यलो न, ताई? मंग मीच लबाडी कशी चालू ठेवू? लिवा. नऊ वर्स.”

मे महिन्यात ती पानांचे बांधलेले पुडे घेऊन फळीवर, म्हणजे पत्ता जमा करायच्या जागी गेली. मुन्शी नानाजीने रजिस्टर चाळलं.

“बाई, वारलूचं नाव वरून खोडलं. तुमचं अजून आलं नाई. मले तुमचा पत्ता घेता येत नाई.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “गिरजाबाईच्या कार्डावर टाकू का?”

“नाई. आता दुसऱ्याच्या नावावर नाई.”

तिने पुडे इतरांसारखेच ओळीने उन्हात मांडले.

“काऊन मांडून राह्यल्या? मी लिवू शकत नाई.”

“नोका लिवू. पन मोजा.”

नानाजीने रस्त्याकडे पाहिलं. मग वाकून एकेका पुड्याला बोट लावत तो शेवटपर्यंत गेला.

“एकशे ऐंशी.”

“बरोबर आहे,” रुखमाबाई म्हणाली, आणि पुडे तिथेच ठेवून घराकडे निघाली.