खालच्या दारामागची निळी तार

सोमवारी सकाळी आठ वाजता माल वाहणारा पट्टा सुरू झाला. गणेशचवथीच्या सुट्टीचे फक्त चार दिवस बंद राहून डिचोलीचा आमचा पशुखाद्याचा कारखाना नव्या यंत्रणेवर गेला. टाळ्या वाजल्या. नव्या यंत्रणेच्या कपाटाला झेंडूची माळ घातली.

मित्रांनो, मी इथला जुना कंट्रोल पॅनल. खरे तर त्याचा उरलेला खालचा कप्पा.

गोवा राज्य झाले त्या वर्षी मला इथे उभे केले. वरच्या कप्प्यात साठ रिले होते, म्हणजे विजेने उघडमीट होणारे खटके. त्यांच्या टकटकीवर गिरणी, चाळण्या, पट्टे चालत. खालच्या कप्प्यात साऱ्या कारखान्याच्या तारा येत. दसऱ्याची माळ तेव्हा मला असे. इलेक्ट्रिशियन गोकुळदास ती घाली आणि पाहुण्यांना सांगे, "ह्या पॅनलान आमकां केन्नाच फटोवंक ना." म्हणजे कधीच फसवले नाही.

पट्ट्याच्या कडेने एक दोरी आहे. हात अडकला तर ती ओढायची. पट्टा जागीच थांबतो. चंद्रावती तिथे पेंडेतले खडे वेचते. पण दोरीच्या खटक्यावर काकवी उडे, मुंग्या शिरत, आणि कोणी न ओढताच पट्टा थांबे. तीन वर्षांपूर्वी मॅनेजर त्यावरून ओरडले. गोकुळदासने माझ्या खालच्या कप्प्यात एक निळी तार जोडली. त्यानंतर दोरी ओढली तरी मला कळेनासे झाले, आणि पट्टा थांबेनासा झाला.

"चार दिसांनी काडटां," तो पुटपुटला. मी विश्वास ठेवला.

यंदा नवी यंत्रणा बसवायला कोल्हापूरकडचा अविनाश आला. सगळ्या तारा नव्याने ओढायच्या तर कारखाना महिनाभर बंद राहिला असता. म्हणून त्याने माझे रिले काढले, खालचा कप्पा तसाच ठेवला आणि तिथूनच नव्या कपाटाला जोडणी दिली. रविवारी संध्याकाळी एकेक खटका तपासत तो दोरीपाशी आला. मॅनेजर शेजारी उभे होते.

"काका, खाली कुठं जादा तार मारलीय का? नाहीतर दार उघडून बघतो."

गोकुळदासने माझ्या दाराकडे पाहिले. तीन वर्षे लपवलेले त्याला मॅनेजरांसमोर सांगवेना.

"कित्याक वेळ घालवतास, बाबा? दोरी चलता. हांव सांगतां मरे."

"बरं, तुमच्या शब्दावर." अविनाशने कागदावर बरोबरची खूण केली.

हे पॅनल फसवत नाही, अशी इतकी वर्षे मिळालेली माझी शाबासकी त्या एका खोट्या खुणेत खर्ची पडली. मला बोलता येत नाही, हे गोकुळदासइतके कोणाला माहीत असणार?

सोमवारी चंद्रावतीने त्यालाच विचारले, "गोकुळदासबाब, सगळें नवें केलें म्हणटात. म्हजी दोरी चलता न्ही?"

"चलता गो. ओडून पळोवं नाका हां, पट्टो बंद पडलो जाल्यार मॅनेजर तुकाच ओडटलो!"

ती हसली आणि दोरी ओढून न पाहताच खडे वेचू लागली.

मित्रांनो, यंत्र नवे आले म्हणून जुने दार बंद ठेवू नका. ज्या दोरीवर कोणाचा हात अवलंबून आहे, ती एकदा स्वतः ओढून पाहा.

माझ्या दाराला चार स्क्रू आहेत. गुरुवारी दुपारपर्यंत ते कोणी काढलेले नाहीत. दोरीही अजून कोणी ओढलेली नाही. चंद्रावती पट्ट्यापाशी आहे.