ज्वारीच्या पिठातलं जाळं

मी एक कोळीण बोलतेय. आजवर बोलले नाही, कारण तोंडात अंडी होती.

ताडकळसच्या एका घरात, मधल्या खोलीच्या कोपऱ्यात माझा जन्म झाला. पाय लांबलचक, अंग नावालाच. डास खाते, कुणाच्या अध्यातमध्यात नसते.

या घरची सून सुकेशनी शाळेत शिकवते. तिला कोळ्यांचे फोटो काढायचा भलता नाद. तुरीत, नळामागे, बुटात, जिथे आठ पाय दिसतील तिथे ही मोबाइल घेऊन हजर. मी घाबरले की अंग गरगर हलवते, म्हणून माझा फोटो काही नीट येईना.

माझं जाळं इतकं बारीक, की कॅमेऱ्यातही दिसत नव्हतं. मग तिने चिमूटभर ज्वारीचं पीठ त्यावर उडवलं. जाळं पांढरंशुभ्र झालं, फोटो झकास आला. पण इतके दिवस कुणाला न दिसलेलं माझं घर आता दारातूनही दिसू लागलं.

त्यात चौदा एप्रिलची जयंती तोंडावर आलेली. जयंतीआधी घराला रंग द्यायचा, ही इथली रीत. सासूबाई सगुणाबाई काठीला फडा बांधून जळमटं काढायला आल्या, तसा माझा जीवच गेला. अंडी सोडून पळता येत होतं, पण सोडवेना.

सुकेशनी धावत आली. "आत्या, आधी ह्ये बघा," म्हणत तिने फोटो मोठा करून दाखवला.

"तोंडात धरून बसली? मग खाती कवा?"

"न्हाई खात. पिल्लं निघूस्तोर उपाशीच."

सगुणाबाईंनी बराच वेळ फोटो पाहिला आणि फडा खाली ठेवला. घराला आकाशी रंग लागला, माझा कोपरा तेवढा राहिला. जयंतीला आलेल्या सुकेशनीच्या दिराने, सिद्धोधनने विचारलं, रंग कमी पडला का? त्या म्हणाल्या, "रंग हाय. तिथं बाळंतीण हाय."

तेव्हापासून खोलीतला पंखा बंद आहे. बाळंतिणीला वारा बाधतो म्हणे. परभणीचं ऊन, माणसं घामाने निथळतात, पण बटणाला हात लावायची कुणाची टाप नाही.

आज सकाळी माझी पिल्लं पांगली. सुकेशनी, शाळेतून आलीस की रिकाम्या जाळ्याचा फोटो काढ, यावेळी पिठाशिवाय. तो आत्यांना दाखव. कोपऱ्याला खुशाल रंग द्या, मी ट्रंकेमागे जाते.

आणि बाई, आता पंखा लावा.