मूठभर खोट

मी एक जुनी अधोली आहे. लोखंडी पत्र्याची, दोन कड्यांची, काठ घासून घासून चांदीसारखा झालेली. अधोली म्हणजे काय हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. किलो येण्याआधी आमच्याकडं धान्य तोलत नसत, मापत असत. चार शेरांची पायली, दोन शेरांची अधोली. अधोलीत आठ चिपटी बसतात, हेही ध्यानात ठेवा मित्रांनो. पुढं कामाला येणार आहे.

माझी एक वाईट खोड आधीच सांगून टाकते. मी फार संशयी होते. कुणी हसला तरी मला वाटायचं, हा का हसला? कुणी हात जोडले तरी मी त्या हातांत काय दडलंय ते बघायची. पण त्यात माझ्या एकटीचा दोष नव्हता. माझा जन्मच तसा झाला.

निजामाचं राज्य जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. लोहारा गावच्या पेठेत कल्याणप्पांचं भुसार मालाचं दुकान होतं. त्यांनी शिवप्पा लोहाराला एकदम दोन अधोल्या सांगितल्या. दिसायला आम्ही जुळ्या बहिणी. पण माझ्या बहिणीचं बूड शिवप्पानं ठोकून खाली उतरवलं आणि माझं खालून ठोकून वर उचललं. शेतकऱ्याकडून माल घ्यायचा तो बहिणीनं, गिऱ्हाइकाला द्यायचा तो माझ्यानं.

"किती वर घेऊ, अण्णा?" शिवप्पानं विचारलं होतं.

"मूठभर," कल्याणप्पा म्हणाले. "मुठीला कोण विचारतंय?"

कल्याणप्पा काही राक्षस नव्हते. उन्हाळ्यात दुकानापुढं वाटसरूंसाठी ताकाचा माठ ठेवीत, हमालाच्या पोरीच्या लग्नाला लुगडं देत. दोन मापं पेठेत सगळ्यांकडंच होती. त्याला खोटं म्हणत नसत, धंद्याची रीत म्हणत. आणि ज्याच्या पोटातच खोट, त्याला जग खोटंच दिसणार. मी संशयी झाले ती अशी.

माप घालायचं काम सिदूकडं होतं. आमच्याकडं पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. एक म्हणजे एकटं, ओकंबोकं. म्हणून 'लाभ' म्हणतात. सिदू पोत्यात मला खुपसायचा आणि लांब सूर काढायचा, "लाभ हो लाऽऽभ! दोन हो दोऽऽन!" लाभ कुणाचा ते मला ठाऊक होतं. मी गप्प असायची.

मग एका उन्हाळ्यात सिदू गाडीवरून पडला आणि त्याचा उजवा हात मोडला. कल्याणप्पांनी दुकानभर नजर फिरवली. ती थांबली शांतवनवर.

शांतवन दुकानातला हमाल. उंच, हाडकुळा, पाठीवर पोतं असलं तरी मान ताठ. त्याचा बाप सोलापूरकडच्या मिशनच्या पाद्रीसाहेबांचं ऐकून ख्रिस्ती झाला होता. ओढ्यापलीकडं त्यांची चार घरं होती. शांतवन रविवारी कामाला यायचा नाही, शिंदीच्या गुत्त्याकडं फिरकायचा नाही, आणि जत्रेत पोती वाहायला सगळ्यांच्या पुढं असला तरी देवळापुढं आला की बाजूला उभा राहायचा. लोक त्याला 'येशूवाला' म्हणत. त्याच्या बाबतीत सगळ्यांना एकच कोडं होतं, की पाद्र्यानं ह्याला असं काय दिलंय?

"शांतवन, उद्यापासनं माप तू घालायचं," कल्याणप्पा म्हणाले.

"म्या? लोक घेतील का अण्णा माझ्या हातचं?"

"कोरड्या धान्याला कसला आलाय विटाळ? आन् तू खोटं बोलत न्हाईस म्हणतेत समदे. मला तेच पायजे."

शांतवनचा चेहरा उजळला. मी मात्र मनात म्हटलं, बघा हो, किती धोरणी! गुळाच्या ढेपेवर पांढरं फडकं टाकावं तसा हा माणूस माझ्यावर टाकला.

आणि तसंच झालं. चार बायांनी आधी नाकं मुरडली, पण बाजारात बोलबाला झाला, "येशूवाल्याकडनं घ्या, त्यो माप मारत न्हाय." दुकानापुढं गर्दी हटेना. सिदूच्या हाती होते तेव्हा लोक माझ्याकडं डोळे वटारून बघायचे, शांतवनच्या हाती आले तेव्हा कुणी बघेनासं झालं. मित्रांनो, उभ्या जन्मात मी एवढं धान्य मारलं नव्हतं.

शांतवन सकाळी मला उचलण्याआधी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा. मला वाटायचं, आज कुणाला बनवायचं ते ठरवत असेल. माझ्यासारखीला दुसरं काय वाटणार?

त्याला मजुरीत जोंधळे मिळत आणि तेही माझ्यानंच मापलेले. ओढ्यापलीकडच्या घरी काय घडलं ते मला पुढं त्याच्या बायकोच्या, मार्थाबाईंच्या तोंडून कळलं. त्यांच्याकडं आईनं दिलेलं एक चिपटं होतं. आलेला दाणा चिपट्यानं मापून उतरंडीत टाकायचा, हा त्यांचा नेम. आठवं चिपटं काही भरेना.

"वाटेत कुणाला दिलेत व्हय?" मार्थाबाईंनी विचारलं.

"कुणालाच न्हाय."

"मग गुत्त्यावर ठिवलेत का?"

"अगं मार्था! तोंड हुंगून बघ माझं."

"हुंगलंय. म्हणूनच जास्त भ्या वाटतंय. पिणाऱ्याचं कळतंय तरी, कुठं गेलं ते."

पुढच्या आठवड्यालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. दर वेळी मूठभर कमी. मार्थाबाई नवऱ्याशी बोलेनाशा झाल्या. त्या पोटुशी होत्या आणि आपला नवरा कुठंतरी पाय घसरून बसलाय, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

एका सकाळी शांतवननं मला उचललं, पण डोळे मिटले नाहीत. एक हात माझ्या पोटात घातला, दुसरा बुडाखाली धरला. वरची बोटं आणि खालची बोटं जिथं भेटायला हवीत तिथं भेटली नाहीत, मूठभर वर भेटली. कल्याणप्पा गादीवर बसून पान लावत होते. त्यांनी पाहिलं आणि पान तसंच हातात राहिलं.

आता हा ओरडेल, मला वाटलं. किंवा गप्प बसून आपलाही वाटा मागेल. जग मी पाहिलं होतं.

त्यानं दोन्हींतलं काहीच केलं नाही. हमाली सुटली तर ओढ्यापलीकडच्या माणसाला गावात दुसरं दार नव्हतं आणि घरात पाळणा हलायचा होता. तो भ्याला. पहिलं गिऱ्हाईक आलं. त्यानं मला भरलं, काठावरून हात फिरवला, आणि लाभ म्हणायच्या जागी त्याच्या तोंडून निघालं, "एक." मग पोत्यात हात घातला, भरली मूठ काढली आणि गिऱ्हाइकाच्या पदरात टाकली.

"लाभ म्हण, लाभ!" कल्याणप्पा गरजले.

"एकच हाय अण्णा. एक म्हणतो."

"आन् ही मूठ कशाची?"

शांतवननं नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. मूठ कशाची ते दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही बोलू शकत नव्हते. एकाला अब्रूची भीती, दुसऱ्याला भाकरीची. कल्याणप्पा सिदूचा हात जुळायची वाट पाहू लागले.

पण मूठ लपते थोडीच? लाभ म्हणत नाही आणि दर अधोलीला मूठ जास्त टाकतो, हे बाजारभर झालं. तुम्हाला वाटेल लोक खूश झाले असतील. अहो, कमी दिलं तेव्हा कुणाला संशय आला नव्हता, तो आता आला!

"ती मूठ पाद्र्याची हाय म्हणं."

"पोटात गेली की माणूस आपसूक तिकडं वळतंय."

"उगं कोण देतंय का ह्या दिवसांत?"

बाया मूठ वेगळ्या गाठीत बांधून नेऊ लागल्या. शेजारच्या सास्तूर गावच्या रुद्रम्मांनी तर ती अंगणात चिमण्यांना टाकली आणि आठ दिवस चिमण्यांवर नजर ठेवली. "अजून एकबी ओढ्यापल्याड गेली न्हाय," असं त्या सांगायच्या. मी स्वतः कुणाच्या बाजूची होते म्हणाल, तर मीही संशय घेणाऱ्यांच्याच. मला वाटे, ह्यात ह्याचा काहीतरी डाव असणारच.

ह्या रुद्रम्मा म्हणजे साठीच्या विधवा बाई, कपाळावर भस्माचे पट्टे आणि जीभ विळ्यासारखी. एका बाजाराच्या दिवशी त्या आल्या आणि त्यांनी कनवटीतून पितळेचं चिपटं काढून दुकानाच्या फळीवर ठेवलं.

"एक अधोली जोंधळे घाल. मूठ नगं."

"मूठ घ्या मावशी," शांतवन हळूच म्हणाला.

"तुझ्या देवाची मूठ मला कशाला? मला माझा शिव पुरा हाय. बिनमुठीचं घाल."

शांतवननं माप घातलं. रुद्रम्मांनी पदर पसरला आणि तिथंच पायरीवर बसून त्या चिपट्यानं जोंधळे टोपलीत मापू लागल्या. एक, दोन, तीन. लोक गोळा झाले. सातवं भरलं. आठवं काठापर्यंत येईना.

रुद्रम्मांनी अर्धंमुर्धं चिपटं तसंच पुढं धरलं. "आता टाक मूठ."

शांतवननं मूठ सोडली. चिपटं काठोकाठ भरलं. एक दाणा वर नाही, एक दाणा खाली नाही.

"ही मूठ पाद्र्याची न्हाय मावशी, माझीबी न्हाय," शांतवन म्हणाला. "तुमचीच हाय."

रुद्रम्मांनी चिपटं टोपलीत उपडं केलं. मला वाटलं आता त्या विरघळतील. पण त्याही माझ्याच जातीच्या, संशयी!

"आन् मुठीच्या आधीचं?" त्यांनी विचारलं.

शांतवनची ताठ मान खाली गेली. ती मी पहिल्यांदाच खाली गेलेली पाहिली.

"आधी मला ठावं नव्हतं. पण ठावं झाल्यावरबी म्या तोंड उघडलं न्हाय. दोन महिने भ्यालो. मूठ टाकायची आन् गप बसायचं, असं केलं. रोज सकाळी देवापुढं उभा राहायचो आन् रोज भ्यायचो. त्याची माफी मागतो, मावशी. समद्यांचीच मागतो."

"माप लोहारानं बिघडवलंय!" कल्याणप्पा ओरडले. त्यांनी मला उचलून रस्त्यावर भिरकावलं. "आन् तू चालता हो. मीठ खाल्लंस त्याला जागला न्हाईस."

तुम्हाला वाटेल लोकांनी शांतवनला खांद्यावर घेतलं. छे! अर्धे म्हणाले, "मालकाला बुडवलं बघा." अर्धे म्हणाले, "ह्यात पाद्र्याचा कायतरी हात असणार." शांतवननं मला धुळीतून उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि थेट शिवप्पाच्या भट्टीवर नेलं.

"बूड सरळ कर."

"मला सांगितलं तसं म्या केलं होतं," शिवप्पा मान वर न करता म्हणाला.

"आता म्या सांगतो तसं कर."

त्या हातोडीचे घाव मला अजून आठवतात. दुखलं खूप. पण शेवटचा घाव पडला आणि आयुष्यात प्रथम माझ्या पोटात पूर्ण श्वास मावला. घरी मार्थाबाईंनी आपल्या चिपट्यानं मला भरून पाहिलं. आठ! त्या नवऱ्याकडं बघून रडल्या आणि लगेच म्हणाल्या, "पयल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझं दोन महिने बोलणं तरी बंद झालं नसतं."

पुढचे दिवस कठीण होते. शांतवन सडकेवर खडी फोडायला जाऊ लागला. लेक झाली. माझ्यात कधी कांदे असत, कधी बाळाची टोपडी. मला वाटलं, खरं झाल्याचं बक्षीस हेच असेल, कोपरा.

सुगी झाल्यावर एक दिवस सास्तूरहून सांगावा आला. रुद्रम्मांच्या खळ्यावर जोंधळ्याची रास पडली होती. 'येशूवाल्याला बोलवा, आणि अधोली त्याचीच आणू द्या.'

आम्ही गेलो. रुद्रम्मा राशीशेजारी उभ्या होत्या. त्यांनी आधी मला हातात घेतलं, आतून बोट लावलं, खालून बोट लावलं.

"मी हितंच उभी ऱ्हाणार हाय. बघतीय बरं का."

"बघा की, मावशी."

शांतवननं डोळे मिटले, पुटपुटला. त्या दिवशी मी पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. तो एवढंच म्हणत होता, "प्रभू, हात खरा ठेव." इतके दिवस हेच म्हणत होता आणि मी काय काय समजले होते!

त्यानं मला राशीत खुपसलं, भरलं, काठावरून हात फिरवला. "एक."

"लाभ म्हण की रं आता तरी!" रुद्रम्मा खेकसल्या. "माझ्या दाण्यावर ओकंबोकं काय बोलतूस?"

शांतवन थबकला. माझ्यातल्या दाण्यांकडं त्यानं पाहिलं, मग त्यांच्या पदराकडं. आणि उभ्या शिवारात ऐकू जाईल असा त्यानं सूर काढला, "लाभ हो लाऽऽभ!"

मुठीची गरज पडली नाही.

मित्रांनो, आता किलो आले. मापं तपासणारा साहेब गावोगाव फिरला आणि माझ्यासारख्या सगळ्या बाद झाल्या. माझी बहीण मोडीत गेली म्हणतात. मी मार्थाबाईंच्या घरी आहे. वर्षातून एकदा कापणीच्या सणाला मला घासूनपुसून काढतात, नव्या दाण्यानं भरतात आणि ओढ्यापलीकडच्या छोट्या देवळात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघरात, पुढं नेऊन ठेवतात. नेण्याआधी मार्थाबाई अजूनही माझ्या बुडाला बोट लावून पाहतात. मला राग येत नाही.

तुम्हीही पाहत जा. तुमच्या घरचं माप, तराजू, शाळेतली पट्टी, जे जे मोजायला वापरता ते जपा, पुसा, आणि अधूनमधून त्याच्या बुडाला बोट लावा. दुसऱ्याच्या मुठीवर संशय घ्यायच्या आधी आपल्या बुडाला लावा. मी ते फार उशिरा शिकले, आणि तेही हातोडी खाल्ल्यावर.