नॉर्बनं उपसलेला बर्फ

तुम्ही माझ्या नवऱ्याला मारलंत. असं लिहू नकोस, आधी वकिलाला विचार, असं माझी मुलगी म्हणते. वकिलाला काय विचारायचं? रविवारचा फुटबॉल सामना पुढे ढकलणं तुमच्या संघाच्या हातात होतं. तुम्ही ढकललात, पण नॉर्ब गेल्यावर.

त्या शनिवारी रात्रभर सरोवरावरून बर्फ येत राहिला. रविवारी सकाळी लॅकवाना गावात आमचं मागचं दार उघडेना. चर्चनं प्रार्थना रद्द केली. गाड्या रस्त्यावर आणू नका, असं सरकारनं बजावलं. आणि त्याच रेडिओवर तुमचं निवेदन: सामना ठरल्याप्रमाणे होईल, स्टेडियम साफ करायला फावडी घेऊन या. म्हणजे बंदी सगळ्यांना, फक्त तुमच्या फावडेवाल्यांना सूट.

आमच्याकडे अशी हाक आली की लोक जातात. तुम्ही जे हातावर टेकवता त्यासाठी कुणी जात नाही. आपल्या बाकावरचा बर्फ परक्यानं उपसू नये, म्हणून जातात. नॉर्बचे वडील पोलाद कारखान्यातून सुटले की तसेच जायचे, त्यांच्यामागे नॉर्ब. पण गेल्या वसंतात त्याच्या हृदयात दोन स्टेंट बसले. तेव्हापासून घरापुढचा बर्फ मी उपसायची आणि तो खिडकीतून माझ्या चुका काढायचा.

शेजारचा चेट ट्रक घेऊन आला तेव्हा नॉर्ब बूट चढवून तयार होता. मी डॉक्टरांची आठवण करून दिली.

“डॉक्टरनं घरापुढचं फावडं बंद केलंय, जेरी,” तो म्हणाला. “स्टेडियमचं नाव घेतलं का त्यानं?”

चेट हसला. मी कोट घातला, माझं फावडं घेतलं आणि दोघांच्या मध्ये जाऊन बसले. वाटेत करार झाला: त्यानं नुसतं दाखवायचं, उपसायचं मी.

स्टेडियममध्ये बाकं दिसतच नव्हती. उतारावर पत्र्याच्या पन्हळी लावल्या होत्या. बर्फ त्यात लोटला की घसरत खाली मैदानात जायचा. लोक गात होते, ब्लॅकबेरी ब्रँडीची बाटली हातोहात फिरत होती. एक रांग मोकळी करून मागं पाहावं, तर आधीची पुन्हा पांढरी. नारिंगी जॅकेटवाल्या मुकादम बाईला मी विचारलं, यात खेळणार कोण? वरून सांगितलंय, म्हणाली, आणि तोंड फिरवून निघून गेली.

नॉर्बनं पायानं चाचपत वडील सामन्याला बसायचे ती रांग शोधली.

“दे इकडं. बाबांच्या दोनच जागा.”

“करार काय झालाय आपला?”

“दोनच गं. मग लाथ घालून बसव मला.”

मी फावडं दिलं नाही. त्यानं चेटच्या हातातलं ओढून घेतलं. पहिली जागा पार बाकाच्या पत्र्यापर्यंत साफ केली, हातमोज्यानं पुसली. दुसरी अर्धी झाली, आणि तो खाली बसला. मला वाटलं, शब्द पाळतोय.

रुग्णवाहिका फाटकाबाहेर रुतली होती. जिने गोठलेले. शेवटी चेटनं आणि आणखी चौघांनी त्याला दोर बांधून त्याच पन्हळीतून खाली सोडलं. गाणी थांबली. मी शेजारून उतरत होते, त्याची टोपी धरून. खाली पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दुपारी तुम्ही सामना पुढे ढकललात. पाहुण्या संघाचं विमान उतरू शकत नव्हतं. खेळाडूंच्या सुरक्षिततेपुढे आम्हाला काहीही मोठं नाही, असं तुमचा माणूस म्हणाला. मी इस्पितळातल्या टीव्हीवर ऐकलं.

मंगळवारी स्वच्छ उन्हात सामना झाला. नॉर्बचा दफनविधी मात्र शुक्रवारपर्यंत थांबला, कारण दफनभूमीचा रस्ता कुणी साफ केला नव्हता. तिथं जायला कुणाला रेडिओवरून बोलावत नाहीत.

मग तुमची फुलं आली, संघाच्या रंगांची फीत बांधलेली. ती मी दाराबाहेर ठेवली. मला उत्तर पाहिजे. ज्या बर्फात पाहुण्यांचं विमान उतरत नाही, त्या बर्फात माझ्या माणसाला का बोलावलंत? ज्यानं ठरवलं, त्यानं खाली स्वतःचं नाव घालून लिहावं. पत्ता तुमच्याकडे आहे. फुलं बरोबर पोचली.