शून्य पूर्णांक दोन

तिळाएवढा तांबूस किडा, उताणा.

करड्या रंगाचं बटण. त्यावर करड्याच अक्षरांत ‘थांबा’.

वखारीच्या पायरीवर अकरा चिमण्या. मोजल्या तेव्हा मी नववीत होते.

सत्तावीस श्वास.

फोन वाजतोय. कुणी उचलत नाही.

०.२

आमचं ऑफिस बेळगावच्या खडेबाजारात, भांड्यांच्या दुकानावर. दोन खोल्या, दोन माणसं : मी, म्हणजे क्षमा, आणि माझा चुलतभाऊ गोमटेश. हवेतला विषारी वायू मोजणाऱ्या मीटरसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. मीटर दर दोन सेकंदांनी आकडा पाठवतं, आम्ही तो पडद्यावर दाखवतो आणि त्याची रेघ काढतो. पडदा बांधायला टूलकिट लागतं, म्हणजे बटणं, आलेख, खिडक्या यांचा तयार संच. एकदा निवडलं की पाच वर्षं सुटका नाही.

आमच्यापुढे दोन होती. दोन्हींत मी तोच पडदा बांधला होता. पहिलं जुनं, करडं, चौकोनी, वेगळा प्रोग्रॅम म्हणून बसवावं लागणारं. गोमटेशनं त्याचं नाव ठेवलं तहसीलदार. दुसरं ब्राउझरमध्ये चालणारं, फोनवरही उघडणारं. त्यातला आलेख असा सरकायचा की बघत बसावं. ती नवरी.

“आक्का, तहसीलदाराकडं कोण हौसेनं जातंय व्हय?”

“तो खोटं बोलत न्हाय.”

“न्हाय बोलत? तू कधी उतारा काढाय गेलतीस काय गं?”

मी हसले. तेव्हा हसू येत होतं.

तहसीलदारात मी सात ओळी लिहिल्या होत्या. आकडा पाच सेकंदांपेक्षा जुना झाला की तो पुसायचा आणि त्या जागी दोन आडव्या रेघा दाखवायच्या. नवरीत त्या लिहायच्या राहिल्या होत्या. “रेघा दिसल्या की लोक म्हणत्यात बिघडलं,” गोमटेश म्हणाला. पुढच्या आठवड्यात बघू, असं मी म्हटलं. निर्णय सोमवारी घ्यायचा होता आणि त्याआधी, शनिवारी, एक खरी चाचणी. ती अण्णांच्या वखारीत. नवरीवर.

०.२

अण्णा म्हणजे माझे वडील, जिनदत्त. निपाणीहून बोरगावला जाताना रस्त्यालगत त्यांची तंबाखूची वखार आहे. तंबाखूला किडा लागतो. म्हणून वर्षातून एकदा पोत्यांच्या थप्प्या ताडपत्रीनं झाकून आत गोळ्या ठेवतात. गोळ्यांतून वायू सुटतो. सहा दिवसांनी ताडपत्री काढून, दारं-खिडक्या उघडून वखार वाऱ्याला टाकतात. आकडा ०.३ च्या खाली आला की माणसानं आत जायला हरकत नाही.

अण्णा ‘मारलं’ हा शब्द तोंडातून काढत नाहीत. ‘गोळ्या ठेवल्या’ म्हणतात. आणि तंबाखू चाळणाऱ्या बायका आत जायच्या आधी ते एकटे आत जातात. अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून. थप्प्यांसमोर उभं राहून, डोळे मिटून, मेलेल्या सगळ्या जिवांची क्षमा मागतात. नऊ वेळा णमोकार मंत्र. एका णमोकाराला तीन श्वास. सावकाश, छाती भरून.

“धंदा सुटत न्हाय,” एकदा मी छेडलं तेव्हा ते म्हणाले होते, “निदान माफी तर मागू दे की गं.”

अकरा चिमण्यांची गोष्ट त्याआधीची. वखार उघडी टाकली होती, फरशीवर मेलेले किडे होते, चिमण्यांनी ते टिपले आणि पायरीवर पडल्या. तेव्हापासून अण्णा आकडा खाली आला की दारं-खिडक्या परत लावून घेतात, आणि किडे झाडून होईपर्यंत उघडत नाहीत.

हे मला माहीत होतं. वीस वर्षं माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच की वायू पोत्यांच्या पोटात राहतो, आणि दारं लावली की तासाभरात परत बाहेर येतो.

०.२

शनिवार. अकरा वाजून बत्तीस मिनिटं. अण्णांनी पडद्याचा फोटो पाठवला. हिरव्या चौकटीत ०.२. खाली लिहिलेलं : ‘झालं. आत जाऊन येतो.’

मी खडेबाजारात होते. वखारीत टांगलेल्या मीटरमध्ये सिम आहे, त्याचे आकडे थेट आमच्याकडेही येतात, नुसती यादी, रंग नाही की रेघ नाही. फोटो छान आला होता म्हणून मी सहज यादी उघडली.

१२.९

१३.१

१३.४

मला वाटलं, मी दुसऱ्याच मीटरची यादी उघडली. नंबर तपासला. तेच मीटर.

काय झालं होतं ते नंतर जुळवलं. दहा चाळीसला आकडा ०.२ झाला. अण्णांनी दारं लावली. बाहेर टेबलावर ज्या लॅपटॉपवर आमचा पडदा उघडा होता त्यावरच, दुसऱ्या टॅबमध्ये, प्रवचन लावून ते अंघोळीला गेले. मागे राहिलेलं आमचं पान ब्राउझरनं बॅटरी वाचवायला झोपवलं. मीटरशी जोड तुटली. अण्णा परत आले, आमच्या पानावर आले, आणि नवरीनं त्यांना पन्नास मिनिटांपूर्वीचा आकडा दाखवला. हिरवा. हसरा.

मी अण्णांना फोन लावला. क्षमा मागायला जाताना ते फोन बाहेर टेबलावर ठेवतात. वाजून बंद झाला. परत लावला. गोमटेश म्हणाला, “मी गाडी काढतो,” आणि उभाच राहिला. पंचाहत्तर किलोमीटर. गाडीचा काय उपयोग.

१३.८

मी श्वास मोजायला लागले. माझेच. सात. आठ. मग लक्षात आलं की मी घाईनं घेतेय आणि ते सावकाश घेत असणार.

चौथ्यांदा फोन उचलला गेला.

“हल्लो? मालक आत हाईत. मालकांचा फोन हाय, मी उचलत न्हवते, पर लई वाजाय लागला.” शालूबाई. चाळणाऱ्या बायकांत सगळ्यांत जुनी.

“शालूबाई, दार उघडा. आत गॅस आहे.”

“दार उघडू नगो म्हणालेत. चिमण्या...”

“चिमण्या मरू द्या! दार उघडा! हाक मारा त्यांना!”

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज. लॅपटॉपवरचं प्रवचन चालूच होतं, कुणीतरी शांतपणे अपरिग्रह समजावत होतं. लांबून शालूबाईची हाक : “मालक! ओ मालक!” एकदा. दोनदा. मग सगळ्या बायकांची.

ध्यान लागल्यावर अण्णा हाकेला ओ देत नाहीत.

१३.६

१२.२

दार उघडलं होतं. मला ते आकड्यावरून कळलं.

“ऐकना झालेत!” शालूबाई फोनवर ओरडली. “मी आणते वडून!”

शालूबाई, आत जाऊ नका, हे वाक्य मला येत होतं. मी ते म्हटलं नाही.

१०.७

९.९

यादीत माणूस दिसत नाही. दर दोन सेकंदांनी फक्त एक ओळ वाढते. अशा एक्केचाळीस ओळी मी वाचल्या.

– –

दोघंही दवाखान्यात ओकत होते. दोघांच्याही छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ झाला असता तर सांगता आलं नसतं.

मी पोचले तेव्हा अण्णा डोळे उघडून पडले होते. आधी बोट हलवलं, मग ओठ.

“एकोणीस झालते. आठ राहिले.”

“अण्णा, गप्प पडा.”

“आठ राहिले, क्षमा.”

शेजारच्या खाटेवरून शालूबाई म्हणाली, “आणि माजी माफी कवा मागनार, मालक? किड्यांच्या आदी का नंतर?”

अण्णांनी पडल्या पडल्या हात जोडले. शालूबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मी दोन्ही खाटांच्या मध्ये उभी होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, आणि मला ते बरं वाटलं.

सोमवारी मी तहसीलदार निवडला. गोमटेशनं वाद घातला नाही. नवरीतही सात ओळी लिहून होतात हे त्याला माहीत आहे, मलाही. त्यानं रविवारीच लिहून टाकल्या होत्या, न सांगता.

भीती गेलेली नाही. कुठलाही आकडा दिसला की मी विचारते, हा कधीचा? दवाखान्याच्या मॉनिटरवरचा. पेट्रोल पंपावरचा. अण्णांना रोज सकाळी फोन करते, “बराय,” ते म्हणतात, आणि फोन ठेवल्यावर ते ‘बराय’ क्षणाक्षणानं जुनं होत जातं. पाच सेकंद. दहा. ते पुसून रेघा दाखवणारं माझ्याकडे काही नाही. पुढच्या वर्षी परत गोळ्या ठेवतील. आठ श्वास त्यांचे राहिलेत, ते विसरणार नाहीत.

वखारीच्या त्या लॅपटॉपवर, डाव्या कोपऱ्यात, तहसीलदार, त्याच्या सात ओळींसकट, चाचणीच्या अकरा दिवस आधीपासून बसवलेला होता.